उतार गल्लीचा अर्धा तास

“उद्या सकाळी मी कामावर जाणार न्हाई,” आबा म्हणाले. “पाळी बदलून घेतलीय.”

पीठ मळता मळता आईचे हात परातीतच थांबले. माझे आबा अंगात ताप असला तरी यंत्रमागावर जाणारे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही ते कामावर गेले होते असं आई सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात कौतुक किती आणि गाऱ्हाणं किती, हे आम्हाला कधी कळायचं नाही. अशा माणसानं पाळी बदलून घेतली म्हणजे घरात कुणीतरी दगावलंय किंवा दगावणार आहे, असंच कुणालाही वाटलं असतं.

“कशापायी?” आईनं ओरडून विचारलं. आमच्या घरात सगळं ओरडूनच विचारावं लागायचं. मागाच्या खडखडाटात आबांचा उजवा कान कधीच गेला होता, आणि डावाही त्याच वाटेवर होता.

“हिचा कार्यक्रम बघायचाय,” मी समोर बसलेली असताना आबा आईला म्हणाले. “दिसला तर पुढचं ठरवू. न्हाई दिसला, तर पुढच्या रविवारपासनं ही घरात. बारावीनंतर कोल्हापूरला बिल्हापूरला जायचं खूळ पण बंद.”

मी जेवले नाही. आईनंही आग्रह केला नाही.

ह्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. तेव्हा मी अकरावीत होते आणि आम्ही इचलकरंजीत उतार गल्लीत राहत होतो. गल्ली नावाप्रमाणे उताराची. वरच्या अंगाला मागाचे कारखाने, खालच्या अंगाला आमची घरं, आणि गावातलं सगळं सांडपाणी सवडीनं आमच्याच दारातून पुढे जायचं. गावात आमचं नाव निघायचं ते मारामारीसाठी. शाळेत कुणी पत्ता विचारला की आम्ही पोरं शेजारच्या चौकाचं नाव सांगायचो.

आणि मग केबलवाल्या महावीर अण्णांच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांचं स्वतःचं सिटी चॅनेल होतं. त्यावर दिवसभर वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांच्या जाहिराती आणि कुणाच्या तरी बारशाचं चित्रण चालायचं. रविवारी सकाळी अण्णांनी एकेका गल्लीतल्या पोरांना अर्धा तास द्यायचं ठरवलं. काय वाट्टेल ते बोला, म्हणाले, फक्त शिव्या नकोत आणि पुढाऱ्यांची आरती नको. इतर गल्ल्यांनी दोन-चार रविवारी गाणी म्हटली, नाच केले आणि कंटाळून सोडून दिलं. आम्ही मात्र चिकटलो.

आम्ही म्हणजे मी आणि बजरंग. बजरंग आयटीआयला जायचा, दिसायला धिप्पाड आणि बोलायला लाजरा. प्रश्न मी विचारायचे, मान तो डोलवायचा. अण्णांच्या गच्चीवरच्या खोलीत पूर्वी सुताची पोती ठेवत. तिथं मांडवाचा एक लाल पडदा टांगला, आम्हा दोघांना दोन खुर्च्या ठेवल्या, बाजूला पाहुण्यांसाठी एक स्टूल, आणि झाला स्टुडिओ. कॅमेरा एकच, खोली एवढीशी. दोघं चित्रात मावावीत म्हणून खुर्च्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्या लागत. ह्या चिकटलेल्या खुर्च्यांनी पुढे माझा घात केला.

कार्यक्रम थेट व्हायचा. आम्ही दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावलं. मुलाखत दिलेल्या आणि नोकरी न लागलेल्या पोरांना बोलावलं, आणि नोकरी लागलेल्या एकालाही. एकदा नगरपालिकेच्या साहेबाला बोलावून गटारावर बोललो तर चार दिवसांत नगरपालिकेची माणसं फावडी घेऊन हजर. बाजारात अनोळखी बायका मला थांबवून म्हणायच्या, तू उतार गल्लीची वैजू न्हवं? आणि मी ‘हो’ म्हणायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा खरा पत्ता ताठ मानेनं सांगत होते. त्या दिवसांत मी जमिनीवर चालत नव्हते, असं आई अजून म्हणते.

सगळ्या गावाला आम्ही दिसत होतो. फक्त आमच्या गल्लीला दिसत नव्हतो.

पहिल्या रविवारी मी स्टुडिओतून धावत घरी आले, तर आई म्हणाली, अगं, मुंग्याच आल्या पडद्यावर. गल्लीभर तेच. आम्हाला वाटलं, बिघाड असेल. दुसऱ्या रविवारीही तेच. कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी चित्र जायचं आणि संपल्यावर थोड्या वेळानं आपसूक परत यायचं. आठवडाभर सगळं ठणठणीत. केबलचा माणूस सोमवारी येऊन तारा बघायचा, डोकं खाजवायचा आणि चहा पिऊन जायचा.

दिसत नाही म्हटल्यावर लोकांनी मनानंच कार्यक्रम बघायला सुरुवात केली. आबांच्या कारखान्यात दुसऱ्या गल्लीतले कामगार होते. त्यांतल्या एकानं कौतुकानं की खवचटपणानं कोण जाणे, पण आबांच्या कानाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “तुझी पोरगी टीव्हीवर पोराच्या मांडीला मांडी लावून बसती की रं.” दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, एवढं चांगलं असतंय तर आमच्याच गल्लीत का दिसत न्हाई? मी म्हटलं, पुढच्या चौकात कुणाकडेही चला, तिथं स्वच्छ दिसतं. त्यावर म्हणाले, “माझी पोरगी बघायला मी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊ?”

आबांनी पाळी बदलली त्याच्या आधीच्या रविवारी मात्र केबलचा माणूस ऐन कार्यक्रमाच्या वेळी आला आणि त्याला चोर सापडला. केबलची तार लांब गेली की चित्र फिकं पडतं, म्हणून मध्ये मध्ये भिंतीवर एक डबा लावतात. त्या डब्याला वीज लागते, आणि ज्याच्या भिंतीवर डबा, त्याच्याच घरातून ती घेतात. बदल्यात त्या घराला केबल फुकट. आमच्या गल्लीचा डबा होता तोंडावरच्या घरावर, वळचणीखाली. डबा मेलेला होता. घराला कुलूप होतं. आणि घर होतं गौराक्काचं.

गौराक्काचं नाव निघाल्यावर गल्लीला पुरावा लागला नाही. तिचा नवरा भीमाप्पा मागाच्या कारखान्यात विजेचा धक्का बसून गेला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती कुणाच्या घरी जात नव्हती आणि कुणाला घरात घेत नव्हती. पोरांचा चेंडू तिच्या परसात गेला की गेला. तो मागायला जाणाऱ्याला चेंडूऐवजी सात पिढ्यांचा उद्धार मिळायचा. “म्हातारीनं डूख धरलाय,” बजरंग म्हणाला. “बरोबर आमच्या वेळेला बटण बंद करती आणि कुलूप लावून पळून जाती.”

तो पाच-सहा पोरं घेऊन तिच्या दारात गेला. “ह्या रविवारी परत केलंस तर बघ,” एवढंच त्यानं म्हटलं. गौराक्का म्हणाली, माझ्या दारात आवाज चढवायचा नाही. मग पोरांनी आवाज चढवला आणि तिनं दार लावून घेतलं. सगळं भांडण यथासांग झालं, पण केबल हा शब्द त्यात कुणी एकदाही उच्चारला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

महावीर अण्णांनीही हात वर केले. सगळी तार तिच्याच कौलांवरून पुढे जाते, म्हणाले. ती बिथरली आणि तार उपटून टाकली तर तुमची अख्खी गल्ली कायमची अंधारात. तुमच्या गल्लीचं तुम्ही निस्तरा.

ही सगळी कथा आबांना सांगून झाली होती. त्यांनी ती डावा कान पुढे करून पूर्ण ऐकली आणि फक्त म्हणाले, “मी बघतो काय ते.” त्यांनी पाळी बदलली ती त्यानंतर.

रविवारी सकाळी आबांनी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. टीव्हीची काच पंच्यानं पुसली आणि खाट ओढून, डावा कान टीव्हीकडे येईल अशी लावली. ते सगळं बघून मला रडू फुटेल असं वाटलं. रागावलेला माणूस अशी तयारी करत नाही. त्यांना कार्यक्रम दिसायला हवा होता, माझ्याइतकाच. पण एकदा शब्द तोंडातून गेला की तो फिरवणं आबांच्या स्वभावात नव्हतं. दिसला नाही तर खरंच सगळं संपणार होतं.

मी ठरवलं, एकटीनं जायचं. भांडायचं नाही, पाया पडायचं. गौराक्का, आजचा दिवस चालू ठेव, एवढंच म्हणायचं.

मी तिच्या घराशी पोचले तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. मी हाक मारणार, तोच आत ती दिसली. भिंतीवरच्या मेन स्विचसमोर उभी होती. हातात लाटणं. अंग होईल तेवढं मागे ठेवून तिनं लाटणं लांबवलं आणि स्विचचा दांडा खाली ओढला. वळचणीखालच्या डब्यावरचा लाल दिवा विझला. माझ्या डोळ्यांसमोर.

म्हणजे पोरं म्हणत होती ते खरं होतं. मी चटकन बाजूच्या पाण्याच्या टाकीआड झाले. गौराक्का बाहेर आली. ठेवणीतलं इरकल लुगडं, केस चापून बसवलेले, कमरेवर दळणाचा डबा. तिनं कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि उताराला पाठ करून चालू लागली.

कोपऱ्यावर ती डावीकडे वळली. स्टुडिओ उजवीकडे होता. कार्यक्रमाला फारसा वेळ उरला नव्हता. उजवीकडे गेले असते तर गावाला दिसले असते, पण आबांना नाही. मी डावीकडे वळले. तिला रस्त्यात गाठायचं आणि चारचौघांत विचारायचं, माझ्या बापानं तुझं काय वाकडं केलंय, असं माझं ठरलं. संतापानं मला धड दिसतही नव्हतं.

म्हातारी कसली भरभर चालत होती. मला तिला गाठता आलं नाही. पुढच्या चौकात शिवाप्पाची पिठाची गिरणी होती, तिच्यात ती शिरली. तिच्या मागोमाग मीही दारापर्यंत गेले, आणि तिथंच थबकले. कारण गौराक्का आत पाऊल टाकते न टाकते तोच शिवाप्पानं गिरणी बंद केली.

रविवारी सकाळी, दळणाची रांग लागलेली असताना, गिरणी बंद. आणि रांगेतल्या एकाही बाईची कुरकुर नाही. शिवाप्पानं एक पत्र्याचा डबा उपडा केला आणि त्यावर पोतं टाकलं. गौराक्का त्यावर बसली. फळीवर पिठानं पांढरा झालेला एक टीव्ही होता. शिवाप्पानं गमछ्यानं त्याची काच झटकली.

मी शेजारी उभ्या असलेल्या बाईला हळूच विचारलं, गिरणी का थांबवली? टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली, उतार गल्लीच्या पोरांचा कार्यक्रम असतोय. गिरणीच्या आवाजात ऐकू येत न्हाई म्हणून ही अक्का शिवाप्पाला गिरणी चालू करू देत न्हाई. दर रविवारी येती. किलोभर ज्वारी आणती नावाला.

पडद्यावर आमची पाटी आली. मीच रंगवलेली. मग लाल पडदा दिसला, दोन चिकटलेल्या खुर्च्या दिसल्या, आणि त्यातल्या एकीवर बजरंग, एखाद्या आरोपीसारखा. दुसरी रिकामी.

“नमस्कार,” तो म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं असतं ते विसरला. बाजूला बघून परत समोर बघितलं. “आज वैजयंता अजून आलेली नाही. येईल. आज आपल्याकडे बालवाडीच्या बाई आल्यात.” मग तो बाईंकडे बघून मान डोलवू लागला. बाई अजून काही बोललेल्याही नव्हत्या.

“वैजू का न्हाई आज?” गौराक्का म्हणाली. सगळ्या गिरणीला उद्देशून. “गेल्या रविवारी घसा बसल्यागत वाटत होता तिचा. आजारी पडली काय?”

“तुमची नात हाय काय ती?” रांगेतल्या एका बाईनं विचारलं.

“आमच्या गल्लीची हाय,” गौराक्का म्हणाली.

माझा सगळा संताप कुठल्या कुठे गेला. मी पुढे झाले आणि तिच्या खांद्याला हात लावला. तिनं वर बघितलं, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे.

“अगं, तू हितं काय करतीस?” ती म्हणाली. “तिकडं खुर्ची रिकामी हाय.”

मी तिच्यापुढे खाली पिठातच बसले आणि सांगितलं. डबा, वीज, मेन स्विच, मुंग्या. ती ऐकत होती, पण तिला कळत नव्हतं. तिच्या लेखी तो डबा केबलवाल्याचा होता, तिच्या भिंतीवर नुसता टांगलेला. तो तिच्या घरातली वीज घेतो हे भीमाप्पाला ठाऊक होतं. अण्णांशी बोलणं त्याचंच झालं होतं. तो गेला आणि ते तिला सांगायचं कुणाला सुचलं नाही. पुढे तिचा टीव्ही बिघडला. विजेच्या वस्तूला हात लावायचा तिला धीर नव्हता, म्हणून तिनं तो दुरुस्तही केला नाही. आणि ज्या विजेनं नवरा नेला, ती घरात चालू सोडून बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा तिचा नेम होता. एरवी ती बाजाराला जायची तेव्हाही चित्र जायचंच, पण त्या वेळी गल्ली कामावर असायची. रविवारी मात्र सगळे घरात असायचे, आणि ती आमचा कार्यक्रम बघायला बाहेर पडायची.

पडद्यावर बालवाडीच्या बाई बोलत होत्या, पण कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

“म्हंजे गल्लीत कुणालाच दिसलं न्हाई?” तिनं विचारलं. “एकदा पण?”

“न्हाई.”

“तू ह्यांचं नाव घेतलंस, त्या दिवशी पण न्हाई?”

तेव्हा मला आठवलं. पहिल्याच कार्यक्रमात मी मागावर काम करता करता गेलेल्या गल्लीतल्या माणसांची नावं घेतली होती. त्यात भीमाप्पाचं नाव होतं. गौराक्का त्या दिवशी खरोखरीच दळायला आली होती, आणि नवऱ्याचं नाव तिच्या अवचित कानावर पडलं होतं.

“दोन वर्षांत त्यांचं नाव कुणी घेतलं न्हवतं,” ती म्हणाली. “मी घरी जाऊन दार उघडं ठेवून बसले. म्हटलं, गल्लीनं ऐकलंय, आता कोणतरी येईल. एक शब्द तरी बोलेल. कोण आलं न्हाई. मला वाटलं, ऐकून पण कुणाला काय वाटलं न्हाई.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आणि मीच बटण बंद करून आलेले.”

मी तिचा हात धरून बसले. मग तीच उठली.

“तुझा बाप कुठं हाय?”

“घरात. टीव्हीपुढं.”

“चल,” ती म्हणाली. दळणाचा डबा तिथंच राहिला.

उतार ती जवळजवळ धावत उतरली. कुलूप मी काढलं. लाटण्यानं तिनं दांडा वर ढकलला आणि दार उघडंच टाकून माझ्या आधी आमच्या घराकडे निघाली. दारात तिला बघून आई दोन पावलं मागे सरली. गौराक्का कुणाच्या उंबऱ्यावर आलीय, हे बघायला शेजारीपाजारी बाहेर आले आणि आमच्या मागोमाग दारात गोळा झाले.

चित्र नुकतंच आलं होतं. पडद्यावर बजरंग हात जोडत होता, शेजारी रिकामी खुर्ची होती. लगेच साड्यांची जाहिरात लागली.

आबा खाटेवर तसेच बसले होते. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

“हेच बघायला मी पाळी बदलली?” ते म्हणाले. “रिकामी खुर्ची?”

टीव्हीवर घडाघडा बोलणारी मी, बापापुढे मुकी झाले. ते उठून टीव्ही बंद करायला निघाले, आणि मला कळलं की झालं, संपलं.

गौराक्का पुढे झाली. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. कुठला कान चालतो हे तिनं बघताच ओळखलं, मागावरच्या माणसाची बायको होती ती.

“बंद करू नका,” ती म्हणाली, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा. “चूक माझी हाय. मी घरातलं बटण बंद केलं की तुमचं सगळ्यांचं चित्र जात होतं. मला ठावं न्हवतं. पण ह्या गल्लीत हिचा कार्यक्रम बघितलेली मी एकटी हाय. एक पण रविवार चुकवला न्हाई. काय विचारायचं ते मला विचारा.”

आबा परत खाटेवर बसले. दारातली माणसं ऐकायला पुढे सरकली.

मग गौराक्कानं सांगितलं. तिला सगळं पाठ होतं. नर्सबाई काय म्हणाल्या, नोकरी न लागलेला पोरगा बोलता बोलता कसा गप्प झाला आणि मी त्याला पाणी कसं दिलं, गटारावर मी नगरपालिकेच्या साहेबाला कोणता प्रश्न विचारला आणि त्यानं कुठे बघून उत्तर दिलं. आबांनी न विचारताच ती म्हणाली, दोघं शिस्तीत बसत्यात, तो पोरगा तर हिच्याकडं मान वर करून बघत पण न्हाई. दारात कोणतरी हसलं. आबा हसले नाहीत.

“आणि एकदा तुमच्यावर बोलली,” गौराक्का म्हणाली.

“माझ्यावर?”

“म्हणाली, माझे आबा मागावर हायत. मागानं त्यांचा कान नेला. त्यांना ऐकू जावं म्हणून आम्हाला घरात सगळं मोठ्यानं आणि नीट बोलावं लागतंय. मी आज हितं न अडखळता बोलती, ते मला शाळेनं शिकवलेलं न्हाई, आबांच्या कानानं शिकवलंय.”

मी हे बोलले होते. कार्यक्रमाच्या भरात, ते गावाला सांगताना घरच्यांना कधी सांगितलंच नव्हतं हे विसरून. मी खाली बघत उभी राहिले. आबांकडे बघायचा धीर होत नव्हता. आई मात्र उघड रडत होती.

आबांनी खाटेवरचा पंचा उचलला, घडी केली, परत ठेवला.

“बस अक्का,” शेवटी ते म्हणाले. “भीमाप्पा आणि मी एका छपराखाली काम केलंय. त्याचं काय म्हणाली पोरगी, ते सांग. सगळ्यांना ऐकू दे.”

आईनं पाट टाकला. गौराक्का बसली आणि तिनं ते सांगितलं, दारातल्या सगळ्या गल्लीला. एकेक करून माणसं उंबरा ओलांडून आत आली. कुणीतरी म्हणालं, भीमाप्पा लई सरळ माणूस होता. दुसरं कुणी त्याच्याबद्दल आणखी काही बोललं. ती ऐकत होती, आणि दोन वर्षं साठवलेलं रडत होती.

ह्या गर्दीत आबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. त्यांचा चेहरा अजून रागीटच होता.

“आज सांगून राहिलीस का न सांगता?”

“न सांगता,” मी म्हणाले.

“तिकडं तो पोरगा एकटा पडला. माणसं वाट बघत बसली.” त्यांनी माझ्यावर नजर रोखली. “ह्यापुढं असा खाडा चालायचा न्हाई.”

खाडा म्हणजे कामावर न जाणं. आमच्या घरात तो शब्द फक्त मागावरच्या पाळीसाठी होता. शाळा बुडली तर ‘बुडाली’ म्हणायचे, खाडा व्हायचा तो कामाचा, ज्याच्यावर घर चालतं त्या कामाचा. आबांनी तो मला लावला.

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि मोठ्यानं, नीट म्हणाले, “न्हाई करणार.”